शॉर्टबोर्डवरून लाँगबोर्डकडे: पहिला बोर्ड घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गोव्यात आश्वे-मांद्र्याच्या पुळणीवर, कर्नाटकात मुळकीत, आणि कॅलिफोर्नियात नोकरीला असलेल्या मित्रमंडळींच्या फोनवर सारखे येत असतात. विचारणारे बहुतेक जण दोन-चार वर्षं सर्फिंगचा शॉर्टबोर्ड, म्हणजे साधारण सहा फुटी आखूड फळी, चालवलेले असतात, त्यामुळे पॅडल कसं मारायचं, उभं कसं राहायचं वगैरे इथे नाही.

शॉर्टबोर्ड जमतो. मग लाँगबोर्ड सोपाच जाईल ना?

लाट पकडणं सोपं जाईल. पहिल्याच सकाळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लाटा मिळतील आणि तुम्ही खूश व्हाल. गाडी अडते ती त्यानंतर.

शॉर्टबोर्डवर वेग आपण तयार करतो, गुडघ्यांत वाकून, पंप करून. लाँगबोर्डवर तसं केलं तर तो नुसता डुलतो, पुढे जात नाही. त्याला वेग मिळतो तो लाटेच्या उतारावर योग्य जागा धरून ठेवल्यानं, ज्याला ट्रिम म्हणतात. ती जागा धरायची तर पाय हलले पाहिजेत: वळायला मागे, पळायला पुढे. शॉर्टबोर्डवाल्याची सवय नेमकी उलटी असते. तो एकदा उभा राहिला की पाय फाकवून रोवतो आणि लाट संपेपर्यंत तिथेच राहतो. बोर्ड निवडताना ही सवय मोडणारा बोर्ड घ्यायचा की ती चालवून घेणारा, हा खरा प्रश्न आहे. खालची बरीचशी उत्तरं शेवटी तिथेच येतात.

किती फुटांपासून लाँगबोर्ड म्हणायचं? आठ फुटी घेतला तर?

स्पर्धांचा नियम किमान ९ फूट असा आहे आणि किनाऱ्यावरही तोच हिशोब चालतो. सात ते साडेआठ फुटांचे ते मिडलेंग्थ. छान बोर्ड असतात, गाडीत मावतात, लाटाही भरपूर देतात. पण त्यावर तुम्ही जवळपास शॉर्टबोर्डसारखेच उभे राहणार, कारण चालायला पुढे जागाच नसते. जास्त लाटा मिळाल्या की झालं, एवढीच अपेक्षा असेल तर मिडलेंग्थ घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. नोजपर्यंत, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकापर्यंत, चालत जायचं मनात असेल तर नऊच्या वर या.

माझ्यासाठी नेमका किती?

वजन ६० किलोच्या आत असेल तर ९ फूट ते ९ फूट २ इंच. ६० ते ७५ किलोला ९ फूट ४ इंच. त्यावर ९० किलोपर्यंत ९ फूट ६ इंच, आणि त्याहून वजन जास्त असेल तर ९ फूट ८ किंवा सरळ १० फूट. दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या. शॉर्टबोर्डवरून येणारा माणूस हमखास लहान मापाकडे झुकतो. इतकी वर्षं इंच-इंच कमी करण्यातच प्रगती मानलेली असते, तो हिशोब डोक्यातून जात नाही.

रुंदी साडेबावीस ते साडेतेवीस इंच, जाडी पावणेतीन ते सव्वातीन इंच, ही नेहमीची मापं. हात आखूड असतील तर २३ इंचांचा बोर्ड काखेत मावत नाही, बोटं रेलपर्यंत (बोर्डच्या कडेपर्यंत) पोचत नाहीत. काही बिघडत नाही. टॉवेलची चुंबळ करा आणि बोर्ड डोक्यावर घ्या.

थंड पाण्यात जाड वेटसूट घालून जाणाऱ्यांनी (कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिका किंवा सांताक्रूझची मंडळी) सूटचं आणि त्यात मुरलेल्या पाण्याचं वजनही धरावं.

नोजरायडर की परफॉर्मन्स लाँगबोर्ड? दुकानदार म्हणतो, शॉर्टबोर्डवाल्याला परफॉर्मन्सच बरा.

नोजरायडर म्हणजे नोजवर उभं राहण्यासाठी बनवलेला जड बोर्ड, परफॉर्मन्स म्हणजे वळणांसाठी बनवलेला हलका. दुकानदार खोटं बोलत नाहीये. परफॉर्मन्स लाँगबोर्डवर तुम्हाला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटेल. मला नेमकी त्याचीच अडचण वाटते.

थोडं मागे जाऊ. एके काळी सगळेच बोर्ड लांब होते. १९६६ साली सॅन डिएगोची जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगनं जिंकली ती ९ फूट ४ इंचांच्या 'सॅम' नावाच्या बोर्डवर. त्या काळच्या मानानं तो पातळ होता, मागे बोर्डखाली जॉर्ज ग्रीनो या सर्फरच्या धाटणीचा फिन (माशाच्या परासारखा उभा पाखा) होता, आणि नोजवर उभं राहण्यापेक्षा यंगचा भर वळणांवर होता. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बोर्ड झपाट्यानं आखूड झाले. १९८१ मध्ये सायमन अँडरसननं तीन फिनचा बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा मारली आणि आज आपण ज्याला शॉर्टबोर्ड म्हणतो त्याचा साचा ठरून गेला. पुढे लाँगबोर्ड परत आला तेव्हा त्यातले बरेच ह्याच साच्यातले निघाले: हलके, कडक रेल, टोकदार नोज, तीन फिन. म्हणजे ताणून लांब केलेला शॉर्टबोर्ड. जुन्या जड, एकफिनी वळणाकडे नव्वदच्या दशकात पुन्हा लक्ष वेधलं ते मुख्यतः अमेरिकेच्या जोएल ट्युडरनं. लाँगबोर्डचं जागतिक विजेतेपद त्याच्याकडे १९९८, २००४ आणि २०२१ अशा तिन्ही साली गेलं, तेव्हा त्याला जुन्यात रमलेला हौशी म्हणून सोडून देता येत नाही.

आजही दुकानात ही दोन घराणी शेजारी-शेजारी उभी असतात. नोजरायडर, ज्याला लॉगही म्हणतात, आठ ते दहा किलोंचा असतो. त्याचं नोज रुंद, टेल (मागचं टोक) चौकोनी आणि किंचित वर उचललेलं, रेल गोल, फिन एकच पण मोठा. परफॉर्मन्स बोर्ड पाच ते साडेसहा किलो, नोज निमुळतं, टेलकडे रेलला धार, आणि मध्ये एक फिन, बाजूला दोन छोटे.

नोजवर माणूस उभा राहूनही बोर्ड पुढे बुडत कसा नाही? कारण मागचा भाग लाटेच्या पाण्यात अडकलेला असतो. लाटेचं पाणी वर चढताना टेलवरून वाहतं आणि त्याला दाबून धरतं. गोल रेलला ते चिकटून वळतं, त्यामुळे टेल आणखी खाली ओढलं जातं, आणि पुढे नोजखालच्या खोलगट भागात येणारं पाणी नोज उचलून धरतं. रुंद टेल, वर उचललेलं शेपूट, गोल रेल ही सगळी रचना एवढ्यासाठी आहे. शॉर्टबोर्डवाल्याला तीच 'सुस्त' वाटते, कारण त्याला टेल सुटं हवं असतं.

परफॉर्मन्स बोर्ड घेतलेले लोक वर्षभरानंतरही मध्यावर पाय फाकवून, खांदे झोकून, मारूनमुटकून वळणं काढताना दिसतात. तेच वळण त्यांच्या सहा फुटी बोर्डवर कितीतरी सुंदर निघालं असतं. लॉग ती मुभाच देत नाही. मागे न जाता वळवायला गेलात तर तो सरळ किनाऱ्याकडे चालू पडतो. वळवायचं तर पाय उचलून फिनच्या वर आणावा लागतो, आणि वळल्यावर पुढे यावं लागतं, नाहीतर लाट निघून जाते. चार सकाळी चिडचिड होते, पण पाय हलायला लागतात.

तेव्हा पहिला लाँगबोर्ड लॉगच्या घराण्यातला घ्या. टोकाचा नोजरायडर नको. ९ फूट ४ किंवा ९ फूट ६ इंची, मध्यम रुंद नोजचा, एकफिनी, साधारण सात-आठ किलोंचा. बाजूच्या फिनची भोकं असलेला मिळाला तरी चालेल, ते फिन घरी काढून ठेवा. अपवाद एकच: तुमच्या रोजच्या लाटा छातीएवढ्या, उभ्या आणि झटकन कोसळणाऱ्या असतील तर लॉग तिथे नोजवर आपटत राहील. अशा ठिकाणी परफॉर्मन्स घेतलात तर मी भांडणार नाही.

दुकानात बोर्ड हातात घेतल्यावर काय बघू?

आधी तो सपाट जमिनीवर ठेवा आणि डोळा जमिनीलगत नेऊन बाजूनं बघा. नोज हळूहळू उचललेलं हवं, केळ्यासारखं नको. बोर्ड जितका सपाट तितका तो कमी उताराच्या लाटेवरही पळतो.

मग उलटा करा आणि नोजखाली आडवी पट्टी धरा. मधोमध फट दिसली तर खोलगट आकार आहे. तो टोकापासून दीड-दोन फुटांत विरून गेला पाहिजे. टोकापासून १२ इंचांवर नोजची रुंदी मोजा. १८ इंच किंवा जास्त म्हणजे नोजरायडर, १७ च्या आसपास म्हणजे परफॉर्मन्सकडे झुकलेला.

शेवटी रेल चिमटीत धरून नोजपासून टेलपर्यंत बोटं फिरवत या. सर्वांत फुगीर जागा बरोबर मध्यावर लागत असेल तर ती फिफ्टी-फिफ्टी रेल, लॉगची खूण. टेलजवळ खालच्या बाजूला नखाला धार जाणवली की त्यात शॉर्टबोर्डचं रक्त आहे. शेवटच्या फूटभरात थोडी धार असायला हरकत नाही, मध्यापासूनच सुरू झाली तर ठेवून द्या.

किती लिटरचा हवा?

हा प्रश्न विसरा. शॉर्टबोर्डला २८ की ३० लिटर यानं फरक पडतो. लाँगबोर्ड ६५ ते ८५ लिटरच्या घरात असतात आणि त्यावर कोणीही तरंगतो. ते लिटर पुढे आहेत की मागे, हे आकड्यावरून कळत नाही, आणि महत्त्व त्यालाच आहे.

पीयू की ईपीएस?

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिन, जुनी रीत. जड, पाण्यात बसून चालणारा. ईपीएस म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम आणि एपॉक्सी रेझिन. हलका, पाण्यावर जरा उचललेला, आणि आदळआपट जास्त सोसणारा.

लॉगसाठी पीयू. वजन इथे दोष नाही, एकदा चालू लागला की त्याच वजनानं तो लाटेच्या मऊ भागातूनही पार होतो. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. पहाटे मतलई वारा असतो तोवर पाणी काचेसारखं, पण दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की पृष्ठभाग खडबडीत होतो. हलका बोर्ड त्यावर टपटप उडतो, जड बोर्ड कापत जातो.

दोन्ही प्रकारांना उन्हाचं वावडं. बंद गाडीत किंवा टपावर दुपारभर ठेवलेल्या बोर्डवरचं काचेचं कापड फोमपासून सुटतं, ईपीएसच्या आतली हवा तर फुगून बुडबुडेच काढते. गोव्यात एप्रिल-मेमध्ये बोर्ड माडाखाली ठेवणं पुरत नाही, कारण सावली सरकते. खोलीत न्या.

काचेच्या कापडाबद्दल विचारायला विसरू नका. डेकवर (बोर्डच्या वरच्या बाजूवर) सहा औंसाचे दोन थर असतील तर गुडघ्या-टाचांचे खड्डे लवकर पडत नाहीत. चार औंसाचा एकेरी थर दिसला तर तो बोर्ड स्पर्धकासाठी आहे.

मऊ डेकचा सॉफ्टटॉप घेऊन सुरुवात करू?

भाड्यानं घेऊन बघायला हरकत नाही. विकत घेऊ नका. रेल जाड, फिन मवाळ, डेक पायाला ओढून धरणारा, त्यामुळे चालणं शिकायला अगदीच गैरसोयीचा.

फिन कोणता आणि कुठे बसवायचा?

बोर्डच्या प्रत्येक फुटाला फिनचा एक इंच, हा जुना ठोकताळा एकफिनी बोर्डला पुरतो. ९ फूट ४ इंचाला नऊ ते साडेनऊ इंची. बुडाशी रुंद आणि टोकाशीही फार निमुळता नसलेला असेल तर नोजवर स्थिरता येते. मागे झुकलेला, निमुळता फिन वळायला मोकळा.

लोक बोर्डवर महिने-महिने खल करतात आणि फिन मात्र जिथे बसला तिथे सोडून देतात. लाँगबोर्डच्या फिनला लांब खाच असते, त्यात तो पुढे-मागे सरकतो. मागे सरकवला की टेल घट्ट धरून राहतं, पुढे आणला की वळायला सुटं होतं. सुरुवातीला मधोमध ठेवा, मग एका वेळी पाव-अर्धा इंचच हलवा आणि पेन्सिलीनं खूण करा. एवढ्याशा फरकानं बोर्ड ओळखू येईनासा होतो.

खाचेतली चौकोनी चकती आणि स्क्रू वाळूत पडले की गेलेच. एक जादा जोड गाडीत ठेवा.

जुना बोर्ड घ्यावा का?

पहिला तरी जुनाच घ्या. अमेरिकेत नवा, शेपरकडून (बोर्ड घडवणाऱ्या कारागिराकडून) बनवून घेतलेला लाँगबोर्ड साधारण हजार ते पंधराशे डॉलर किंवा जास्तही पडतो. आपल्याला काय आवडतं हे कळण्याआधी एवढे पैसे घालू नयेत.

बघताना डेकवर तळहात टेकवून सगळीकडे दाबत जा. करकर आवाज आला किंवा बुडबुड्यासारखं खाली-वर झालं तर कापड सुटलंय. फिनच्या खाचेभोवती केसासारखी भेग आहे का ते बघा, पाणी तिथूनच आत शिरतं. फिन धरून हलवून बघा. पिवळट-तपकिरी डाग हा फोमनं पाणी प्यायल्याचा पुरावा. बोर्ड मधोमध मोडून जोडलेला असेल तर रंगाच्या पट्ट्यामागे ते लपवलेलं असतं, म्हणून रंगाचा आडवा पट्टा दिसला की तिथे बोट फिरवा. नुसते खड्डे, नीट बुजवलेले डिंग (आपटून पडलेल्या चिरा), उन्हानं पिवळी पडलेली काच याला घाबरू नका.

भारतात मिळतो कुठे? आणि मुंबई-पुण्यापर्यंत आणायचा कसा?

मिळतात त्यातले बहुतेक बाहेरून आलेले. गोव्यात हंगाम संपताना परतणारे लोक बोर्ड विकून जातात, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये आश्वे, मांद्रे, हरमल इथल्या सर्फ स्कूलमध्ये विचारून ठेवा. कर्नाटकात मुळकी, तमिळनाडूत चेन्नईजवळचं कोवलम आणि महाबलीपुरम या ठिकाणी सर्फिंगची वस्तीच आहे. मुळकीचा मंत्र सर्फ क्लब २००४ पासूनचा, देशातला पहिला. श्रीलंकेत वेलिगामाला आठवडाभर जाणार असाल तर तिथे दोन-तीन प्रकारचे लाँगबोर्ड भाड्यानं चालवून या. खरेदीआधीचा याहून चांगला खर्च नाही.

नेण्या-आणण्याचं म्हणाल तर रडकुंडीला येण्याची तयारी ठेवा. नऊ फुटी बोर्ड विमान कंपन्यांच्या लांबीच्या मर्यादेत क्वचितच बसतो, तिकिटाआधी विचारा. गाडीच्या टपावर टेल पुढे, फिन वर, असा ठेवा आणि पट्टे आवळताना रेलखाली जुनी चादर घाला. वारंवार जाणं होणार असेल तर बोर्ड किनाऱ्यावरच एखाद्या सर्फ स्कूलमध्ये महिन्याच्या भाड्यानं ठेवणं परवडतं.

गोव्यातल्या लाटांत लाँगबोर्डची मजा येते का?

शॉर्टबोर्डपेक्षा नक्कीच जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथली लाट बहुतेक दिवस गुडघा ते कंबर, मऊ, वाळूवर फुटणारी. त्यात शॉर्टबोर्डवाला तासभर नुसता बसून राहतो. पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, मे आणि ऑक्टोबरमध्ये, अंग असलेली लाट येते. जून ते सप्टेंबर लाल बावटे लागतात, तेव्हा लाँगबोर्ड घेऊन आत शिरणं म्हणजे स्वतःसकट इतरांनाही धोका.

मात्र कॅलिफोर्नियातल्या मालिबू किंवा ऑस्ट्रेलियातल्या नूसासारख्या लांबलचक पॉइंटच्या (भूशिराला वळसा घालणाऱ्या) लाटेची अपेक्षा ठेवू नका. वाळूवरची लाट लवकर बंद होते, दोन-तीन पावलं टाकायलाच वेळ मिळतो.

पहाटे रापण ओढली जात असेल तर दोराच्या दोन्ही टोकांपासून लांब राहा. नऊ इंची फिन जाळ्यात अडकला तर बोर्ड जाईल तो जाईल, वर मच्छीमारांची सकाळ फुकट जाईल.

डक डाइव्ह (बोर्डसकट लाटेखाली बुडी) होत नाही, मग बाहेर कसं जायचं?

लाट अंगावर यायच्या आधी दोन्ही रेल घट्ट धरा, बोर्डसकट उलटे व्हा, नोज जरा खाली ओढा, लाट वरून गेली की पुन्हा सुलटे व्हा. टर्टल रोल तो हाच. कंबरेएवढ्या लाटेला पुरतो, डोक्यावरच्या लाटेला नाही. म्हणून लाँगबोर्डवाला आधी किनाऱ्यावर उभा राहून लाटांमधली उसंत मोजतो.

बोर्ड सोडून खाली बुडी मारायची सवय असेल तर ती आजच सोडा. नऊ फुटी बोर्ड आणि नऊ फुटी लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) मिळून तुमच्या मागे १८ फुटांपर्यंत कोणाचंही डोकं फुटू शकतं.

लीश बोर्डच्या लांबीइतकी घ्या आणि शक्यतो पोटरीवर बांधायची. घोट्याची लीश चालताना पायात येते.

लाइनअपमध्ये (लाटेची वाट बघत बसायच्या जागी) लोक रागानं बघतात. का?

कारण तुम्ही सगळ्यांच्या आधी लाट पकडता. बाहेर बसून प्रत्येक लाट उचलणारा लाँगबोर्डवाला सगळीकडे नावडता असतो, आणि काल शॉर्टबोर्डवर बसून तुम्हीही त्याला शिव्याच घालत होता. दोन घ्या, तिसरी सोडा. आतल्या लहान पोरांना तर जास्तच सोडा.

शॉर्टबोर्ड विकून टाकू का?

नको. ऑक्टोबरमध्ये एखादी चांगली सकाळ उगवली की आठवण येईल. फक्त लाँगबोर्ड शिकताना काही आठवडे त्याला हात लावू नका. रोज अदलाबदल केली तर पाय गोंधळतात.

पाय घसरू नये म्हणून लावायचं वॅक्स किती आणि कुठवर?

शॉर्टबोर्डवाले मागच्या दोन-तृतीयांशावर लावून थांबतात. इथे नोजच्या टोकापर्यंत लावायचं, टोकाची शेवटची वीतभर जागा जास्तच. खाली कडक बेस कोट, वर ट्रॉपिकल. कोमट पाण्याचं वॅक्स आपल्या समुद्रात लोण्यासारखं वितळतं. टेलवर पॅड चिकटवू नका, मागे-पुढे करताना त्याची कड पायाला लागते.